गाडी ‘हीट’ होते म्हणजे नेमकं काय होतं? कूलंट, रेडिएटर आणि त्या लाल दिव्याची गोष्ट

पुण्यातल्या खडकीत १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी सुरू झाली आणि तिची डिझेल इंजिनं पुढे गावोगावच्या विहिरींवर बसली. विहिरीवरचं इंजिन गार ठेवणं तसं सोपं. पंप पाणी उपसतच असतो, त्यातलं थोडं नळीने इंजिनाभोवती फिरवायचं आणि गरम झालं की सोडून द्यायचं.

कारसोबत विहीर नेता येत नाही. त्यामुळे तेच काही लिटर पाणी पुन्हा पुन्हा थंड करून वापरावं लागतं. कारची कूलिंग सिस्टीम म्हणजे मुळात हीच सोय.

एवढा खटाटोप कशासाठी? पेट्रोल जळताना सिलिंडरच्या आत काही क्षण २,००० अंश सेल्सिअसच्या वर तापमान जातं. इंजिनाचं हेड ज्या अ‍ॅल्युमिनियमचं असतं, ते साधारण ६६० अंशांनाच वितळतं. इंधनातल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच चाकांच्या कामी येतो. तेवढीच उष्णता सायलेन्सरमधून जाते आणि उरलेली बाहेर काढायची जबाबदारी कूलंटवर येते.

पाणी फिरतं कसं?

वॉटर पंप कूलंटला इंजिनातल्या पोकळ्यांमधून ढकलतो. तापलेला कूलंट होज पाइपने रेडिएटरमध्ये येतो. तिथल्या बारीक नळ्या आणि पातळ पत्र्यांवरून वारा जातो, उष्णता वाऱ्यात जाते आणि कूलंट परत इंजिनात. गाडी पळत असेल तर वारा आपोआप मिळतो. खडकी-बोपोडीच्या ट्रॅफिकमध्ये मात्र तो मिळत नाही, तिथे सगळी मदार रेडिएटरच्या पंख्यावर. गाडी हायवेला ठीक चालते आणि सिग्नलला गरम होते, अशी तक्रार असेल तर मेकॅनिकला आधी पंखा बघायला सांगा.

मधे थर्मोस्टॅट नावाची छोटी झडप असते. इंजिन थंड असताना ती बंद राहते, कूलंट साधारण ८० ते ९० अंशांवर पोचला की उघडते. कारण इंजिन अगदी गार राहणंही वाईट, त्यात इंधन जास्त जातं आणि झीजही वाढते. ‘थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी गरमच होणार नाही’ हा सल्ला अजूनही मिळतो. तो ऐकू नका.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग, रेडिएटरचं झाकण. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. झाकण सिस्टीममध्ये दाब धरून ठेवतं, प्रेशर कुकरसारखं. म्हणून कूलंट १२० अंशांपर्यंतही उकळत नाही. त्या झाकणाचं रबर गेलं की दाब जातो आणि बाकी सगळं धडधाकट असूनही पाणी उकळायला लागतं.

घाटात काय होतं?

मुंबईहून पुण्याला येताना खोपोली ते लोणावळा गाडी साधारण साडेपाचशे मीटर चढते. गिअर खालचा, वेग कमी, इंजिनावर ताण जास्त, वर एसी चालू. उष्णता वाढते आणि वारा कमी. सिस्टीममधली छोटी गळती किंवा अर्धा चोंदलेला रेडिएटर नेमका इथे उघडा पडतो.

काटा वर सरकताना दिसला तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण सोडा. घामाघूम व्हाल, पण हीटर हासुद्धा एक छोटा रेडिएटरच आहे. लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली तर गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन लगेच बंद करा. ‘घाट संपेपर्यंत नेऊ’ हा हिशेब महागात पडतो: हेड वाकडं होतं, हेड गॅस्केट उडतं, पाणी ऑइलमध्ये मिसळतं आणि पाइपच्या गळतीचं काम पूर्ण इंजिन खोलण्यावर जातं.

झाकण मात्र गरम असताना उघडायचं नाही. दाब सुटताच आतलं पाणी क्षणात उकळून चेहऱ्यावर, हातांवर उडतं. किमान अर्धा तास थांबा. वरचा होज पाइप हाताला गार लागेपर्यंत झाकणाला हात नको. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणंही टाळा, धातूला तडा जाऊ शकतो.

घरी काय बघायचं?

गाडी थंड असताना कूलंटच्या बाटलीतली पातळी ‘मिन’ आणि ‘मॅक्स’च्या मधे आहे का, एवढं महिन्यातून एकदा बघा. पातळी सारखी उतरत असेल तर गळती आहे, नुसतं भरत राहू नका. बोअरचं पाणी अजिबात नको. त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत तसेच बसतात, जसे घरच्या गिझरमध्ये बसतात. अडचणीत साधं पाणी चालतं, पण नंतर कूलंट बदलून घ्या. एरवी तयार कूलंट, किंवा कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल्ड वॉटर मॅन्युअलमधल्या प्रमाणात. रंगावर जाऊ नका, हिरवा-गुलाबी याला कुठलाही सर्वमान्य नियम नाही. बदलण्याची मुदतही मॅन्युअलमध्येच दिलेली असते.

आणि काढलेला जुना कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात. गॅरेजवाल्यालाच परत द्या.