वाटाण्याचा अंकुर आणि तारणाचा रकाना

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीला छोट्या व्यवसायासाठी कर्ज हवे होते. बँकेने तिच्यापुढे व्यवसाय आराखड्याचा नमुना ठेवला. अनुभव काय, यंत्रसामग्री कोणती, बाजारपेठ कुठे, स्वतःचे भांडवल किती आणि सर्वांत शेवटी, तारण काय? आम्ही दोघी तो रात्री उशिरापर्यंत भरत बसलो होतो. शेवटच्या रकान्यापाशी येऊन ती थांबली, तेव्हा मला १९१२ सालचे दादर आठवले.

हा थ्रेड दादासाहेब फाळके यांच्यावर आहे. परंतु ‘भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक’ या ओळखीने आपण त्यांच्याकडे नेहमीच पाहतो. आज त्यांच्याकडे कर्ज मागायला निघालेला, चाळिशी ओलांडलेला एक माणूस म्हणून पाहू.

प्रथम अर्जदाराची पूर्वपीठिका. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय, बडोद्याचे कलाभवन, गोध्र्यात छायाचित्रणाचा व्यवसाय, पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग लोणावळ्याला छापखाना. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी ते जर्मनीलाही जाऊन आले. छापखान्याला नाव मिळाले, पण भागीदारांशी बिनसले आणि फाळके बाहेर पडले. कोणत्याही सावकाराने या माहितीवरून एवढाच निष्कर्ष काढला असता, की माणूस गुणी आहे पण एका जागी टिकत नाही.

१९१०-११ च्या सुमारास गिरगावातील तंबूवजा चित्रपटगृहात त्यांनी येशूच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर येशू आणि मनात राम-कृष्ण, ही हकिकत त्यांनी स्वतःच पुढे ‘नवयुग’ मासिकातील लेखांत सांगितली आहे. ती सर्वांना ठाऊक आहे, म्हणून इथे थांबत नाही. माझ्या मते दुर्लक्षित राहते ती त्यानंतरची पायरी. साक्षात्कार झालेला हा माणूस लगेच चित्रपट काढायला धावला नाही. त्याने आधी महिनोन्महिने अभ्यास केला. जुन्या बाजारातून खेळण्यासारखी उपकरणे आणि फितींचे तुकडे आणून रात्री जागवल्या. डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली, तेव्हा ते पुन्हा त्याच कामाला लागले.

पहिले कर्ज विमा पॉलिसी गहाण ठेवून उभे राहिले. १ फेब्रुवारी १९१२ रोजी फाळके विलायतेला निघाले. लंडनमध्ये ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांना ते थेट जाऊन भेटले. या धंद्यात इंग्लंडातच लोक बुडत आहेत, असे सांगून कॅबोर्न यांनी आधी त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. मग त्यांची तयारी पाहून वॉल्टन येथील सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओचे दार उघडून दिले. तेथे जे शिकता येईल ते शिकून, सुमारे ५० पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेऊन आणि कोऱ्या फिल्मची मागणी नोंदवून एप्रिलच्या आरंभी फाळके मुंबईत परतले.

आता हातात कॅमेरा होता, ज्ञान होते आणि पैसे संपले होते. नव्या व्यवसायाचा आराखडा लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला ही अवस्था येते. चित्रपट काढण्यासाठी भांडवल हवे, आणि भांडवल मिळण्यासाठी चित्रपट काढता येतो हे दाखवायला हवे. मुंबईतील सावकाराला सोने, कापूस, जमीन कळत होती. हलती चित्रे हा मात्र त्याच्या लेखी परक्या लोकांचा तमाशा होता. त्याच्यापुढे कागद ठेवून काय उपयोग?

फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला.

कॅमेरा कुंडीसमोर स्थिर ठेवला आणि अंकुर फुटल्यापासून वेल वाढेपर्यंत सुमारे महिनाभर त्याची चित्रे घेत राहिले. ‘अंकुराची वाढ’ ही जेमतेम मिनिटभराची फीत. रोज एक चित्र घेतले, असे सर्वत्र लिहिलेले आढळते. इथे जरा हिशेब करून पाहा. त्या काळी सेकंदाला साधारण १६ चित्रे सरकत. तीस दिवसांत तीसच चित्रे घेतली असती, तर सगळा वेल दोन सेकंदांत वाढून मोकळा झाला असता! मिनिटभराच्या फितीसाठी हजाराच्या आसपास चित्रे लागतात, म्हणजे दिवसाला तीसएक. दंतकथा नेहमीच श्रम कमी करून सांगते. प्रत्यक्षात ते काम कितीतरी अधिक चिकाटीचे असले पाहिजे.

विषयाची निवड किती नेमकी आहे पाहा. नट नको, पोशाख नको, पडदे नकोत; खर्च जवळपास शून्य. पण चित्रण, फिल्म धुणे, प्रत काढणे आणि पडद्यावर दाखवणे या साऱ्या क्रिया आपल्याला येतात, हे एका मिनिटात सिद्ध होते. शिवाय जे कोणत्याही नाटक मंडळीला रंगमंचावर दाखवता येणार नाही, ते दिसते. निवडक मंडळींपुढे ही फीत दाखवली गेली. त्यांत छायाचित्रण-साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी होते. कर्ज मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. (महिन्याभरात वाढणारी वस्तू पाहून सावकार खूश झाला, यात मला एक सूक्ष्म विनोदही दिसतो.)

बाजारपेठेचा रकाना फाळक्यांच्या मनात आधीच भरलेला असावा, असे मला वाटते. रविवर्मा प्रेससाठी त्यांनी काम केले होते. छापील देवदेवता घरोघरी भिंतींवर कशा जातात, हे त्यांनी छापखान्याच्या आतून पाहिले होते. हरिश्चंद्राची कथा निवडण्यात श्रद्धा होतीच. पण जी गोष्ट प्रेक्षकाला आधीच पाठ आहे, तिला मूकपटात संवाद लागत नाहीत, हे व्यवहारज्ञानही होते.

उरला शेवटचा रकाना. सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले.

१९०२ मध्ये फाळक्यांशी विवाह झालेल्या या बाईंचा उल्लेख बहुतेक लेखांत ‘पत्नीने मोलाची साथ दिली’ एवढ्या एका वाक्यात उरकतो. मला हे वाक्य अपुरे वाटते. कोरी फिल्म कडांना भोके नसलेली येई. अंधारात बसून ती भोके पाडण्याचे काम त्या शिकल्या. चित्रीकरणात उन्हाचा प्रकाश परतवण्यासाठी पांढरी चादर धरून उभ्या राहिल्या. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक केला. सिनेमात काम करणे लाजिरवाणे मानले जाई, म्हणून मंडळींनी ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत’ नोकरीला आहोत असे सांगावे, अशी युक्ती फाळक्यांनी काढली होती (परेश मोकाशींच्या चित्रपटाचे नाव तिथूनच आले). त्या फॅक्टरीतील तांत्रिक विभाग, भोजनगृह आणि तारण अशा तिन्ही जागी एकच व्यक्ती होती. तारामतीची भूमिका करणाऱ्या साळुंके यांना महिना १५ रुपये ठरले होते, हे आपल्याला ठाऊक आहे. सरस्वतीबाईंचा पगार कोणत्याही हिशेबात नाही.

सुमारे सात महिन्यांत ३,७०० फुटांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पूर्ण झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरमध्ये निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे रोजी कोरोनेशनमध्ये तो सर्वांसाठी प्रदर्शित झाला. चित्रपट चालला. दागिन्यांचा जुगार यशस्वी झाला, म्हणूनच आज आपण त्याला दूरदृष्टी म्हणतो.

मग पुढे? त्याच वर्षी कंपनी नाशिकला गेली. १९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले, तेथे त्यांचे कौतुक झाले. पण महायुद्ध सुरू झाले आणि इकडे पैसा देणाऱ्यांनी हात आखडता घेतला. १९१७ चा ‘लंकादहन’ तुफान चालला, तरीही प्रत्येक चित्रपटासाठी नव्याने कर्ज काढणे थांबले नव्हते. अखेरीस १९१८ मध्ये धनिक भागीदारांसह ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ उभी राहिली. विम्याची पॉलिसी आणि बायकोचे दागिने यांच्या जागी प्रथमच भरभक्कम भांडवल आले.

आणि भांडवलाबरोबर प्रश्न विचारणारी माणसे आली. खर्च किती, वेळ किती, हिशेब कुठे? छापखान्यात घडले तेच नाशिकला घडले. वर्ष-दोन वर्षांत फाळके कंपनी सोडून सहकुटुंब काशीला निघून गेले आणि तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. भागीदारांना संकुचित ठरवणे सोपे आहे, पण त्यांची बाजू मला पूर्णपणे चुकीची वाटत नाही. त्यांनी जे विचारले, ते कोणताही गुंतवणूकदार विचारतो. फाळक्यांच्या पहिल्या व्यवसायात मात्र तारण ठेवणाऱ्या व्यक्तीने हिशेब मागितल्याची नोंद नाही. १९२२ मध्ये ते परतले आणि त्याच कंपनीसाठी पुन्हा चित्रपट करू लागले.

मैत्रिणीचा आराखडा परवा बँकेत गेला. शेवटच्या रकान्यात तिच्या आईच्या बांगड्यांचे वजन ग्रॅममध्ये लिहिले आहे. भागीदारांच्या यादीतही आईचे नाव घाल, असे मी तिला सुचवले. ती अजून विचार करते आहे.

पुढच्या थ्रेडमध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आणि तो विकत न घेणारे शेतकरी.