अवयव पाडण्याची गोष्ट : भास्कराचार्यांचे भावित आणि आजचे बीजगणित

कोकणात नारळ पाडतात, हापूस उतरवतात आणि शाळेत बैजिक राशींचे अवयव पाडतात. आठवीत हा पाठ सुरू होतो आणि दहावीच्या वर्गसमीकरणांपर्यंत मुलांची पाठ सोडत नाही. आमच्या पालीत गणिताची वही घेऊन माझ्याकडे येणारी मुले ‘मधल्या पदाची फोड’ झटक्यात करून दाखवतात. ती का करायची, हे मात्र त्यांना सांगता येत नाही. वडीलधाऱ्यांची मते दोन टोकांची असतात. कोणी म्हणतो, हे सगळे साहेबाने आणले. कोणी म्हणतो, आपल्या पूर्वजांकडे हे सगळे होतेच. खरे काय ते पाहण्यासाठी मी भास्कराचार्यांचे ‘बीजगणित’ कोलब्रुकच्या १८१७ सालच्या इंग्रजी भाषांतराशी ताडून वाचत गेलो. जे हाती आले ते या दोन्ही मतांत बसत नाही.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला आणि ‘बीजगणित’ हा त्याचाच भाग मानला जातो. त्यात वर्गसमीकरणे आहेत, पण ती सोडवण्याच्या रीतीचे नाव आहे ‘मध्यमाहरण’. मधले पद नाहीसे करायचे, असा त्याचा अर्थ. आज आपण मधले पद फोडतो, भास्कराचार्य ते घालवतात. दोन्ही वाटा एकाच उत्तराला पोचतात, पण त्या एक नव्हेत.

त्यांचेच वानरांचे उदाहरण घेऊ. कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग वनात खेळतो आहे आणि उरलेली १२ वानरे टेकडीवर आहेत, तर कळप केवढा? आजच्या भाषेत मांडणी होते क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०. फोड करायची तर ज्यांचा गुणाकार ७६८ आणि बेरीज ६४ अशा दोन संख्या हुडकाव्या लागतात. पाढे पाठ असलेले मूलही इथे थबकते. मध्यमाहरणात हुडकणे नाही. क्ष² − ६४क्ष = −७६८ असे लिहून दोन्ही बाजूंना ३२ चा वर्ग, १०२४, मिळवला की (क्ष − ३२)² = २५६. मग क्ष − ३२ हे १६ किंवा −१६, म्हणून कळप ४८ किंवा १६. भास्कराचार्य दोन्ही उत्तरे देतात. सहगुणक १ नसेल तर अपूर्णांक टाळण्यासाठी वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने दोन्ही बाजू गुणाव्यात, असा श्रीधराचार्यांचा नियमही ते नाव घेऊन सांगतात.

मग अवयव कुठेच नाहीत का? आहेत, पण वर्गसमीकरणात नाहीत. ते ‘भावित’ या प्रकरणात आहेत. दोन अज्ञातांच्या गुणाकाराला भावित म्हणत. ब्रह्मगुप्ताच्या ६२८ सालच्या ग्रंथातही भाविताचा नियम आहे. भास्कराचार्यांचा प्रश्न असा : दोन राशींपैकी एकीला चाराने आणि दुसरीला तीनाने गुणून बेरीज केली, तिच्यात दोन मिळवले, तर त्या राशींचा गुणाकार येतो. त्या राशी कोणत्या? म्हणजे क्षय = ४क्ष + ३य + २.

त्यांची रीत अशी. चार आणि तीन यांचा गुणाकार १२, त्यात २ मिळवून १४. या १४ ला एका इष्ट संख्येने भागावे. ते इष्ट आणि आलेले फल यांत अनुक्रमे ३ आणि ४ मिळवावेत, की राशी तयार. १४ म्हणजे १ गुणिले १४ किंवा २ गुणिले ७. त्यावरून क्ष आणि य यांच्या जोड्या मिळतात : ४ व १८, ५ व ११, १० व ६, १७ व ५. पडताळा घ्या. ५ गुणिले ११ म्हणजे ५५, आणि २० + ३३ + २ म्हणजेही ५५.

आजच्या चिन्हांत हे (क्ष − ३)(य − ४) = १४ असे अवयव पाडणेच आहे. आणि ते का चालते, याची उपपत्ती भास्कराचार्य दोन प्रकारे देतात, एकदा राशींनी आणि एकदा क्षेत्राने. क्षेत्राची उपपत्ती मी मुलांना खळ्यावर दाखवतो. खळे क्ष हात लांब आणि य हात रुंद आहे असे समजा. लांबीच्या कडेने चार हातांचा पट्टा आखा, रुंदीच्या कडेने तीन हातांचा. दोन्ही पट्टे खळ्यातून वजा केले की हिशेबात २ उरतात. पण कोपऱ्यातला ३ गुणिले ४ चा तुकडा दोनदा वजा झाला, तो एकदा परत द्यायला हवा. म्हणून आतल्या लहान खळ्याचे क्षेत्रफळ २ + १२ = १४. आणि त्याच्या बाजू आहेत क्ष − ३ व य − ४. जे मूल हे एकदा आखते, त्याला अवयव म्हणजे गुणाकाराच्या बाजू, हे वेगळे सांगावे लागत नाही.

भास्कराचार्यांना अवयवांची शक्ती ठाऊक होती, तर त्यांनी ती वर्गसमीकरणाला का लावली नाही? मला कारण मांडणीत दिसते. ते दोन्ही पक्ष एकाखाली एक लिहीत आणि एकाला दुसऱ्याशी समान ठेवत. सगळी पदे एका बाजूला नेऊन दुसरीकडे फक्त शून्य ठेवण्याची पद्धत नव्हती. आणि फोडीचा सारा फायदा त्या शून्यात आहे. दोन अवयवांचा गुणाकार १४ असेल तर शक्यता अनेक, शून्य असेल तर दोहोंपैकी एक अवयव शून्य असलाच पाहिजे. समीकरण द्विपदींच्या गुणाकारातून घडते हा विचार युरोपात थॉमस हॅरियटच्या मृत्यूनंतर १६३१ मध्ये निघालेल्या ग्रंथात आणि १६३७ मध्ये देकार्तच्या भूमितीत पुढे आला. क्ष − २ = ० आणि क्ष − ३ = ० यांचा गुणाकार करून देकार्त क्ष² − ५क्ष + ६ = ० घडवतो. आपली दहावीतली रीत या घराण्यातली.

ती मराठीत कशी आली, तेही उघड आहे. १८२० च्या दशकात मुंबईत जॉर्ज जर्व्हिस यांच्या पुढाकाराने हटन आदी इंग्रज गणितज्ञांच्या पुस्तकांवरून मराठी शालेय गणित तयार झाले. तोवर कोलब्रुकचे भाषांतर लंडनमध्ये छापून झाले होते. म्हणजे इंग्रज वाचकाला भावित उपलब्ध होते आणि मराठी मुलाच्या पुस्तकाचा नमुना इंग्रजी होता. चाळीसगावजवळच्या पाटणचा १२०७ सालचा शिलालेख सांगतो की भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला आणि त्याला दान मिळाले. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख प्रकाशात आणला. एके काळी याच प्रदेशात जे शिकवण्यासाठी मठ चालत होता, त्यातले एक उदाहरणही शाळेच्या वहीत उतरले नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. फोड ही भास्कराचार्यांची रीत म्हणून मुलांना सांगू नये. ते खरे नाही, आणि त्यांच्या मोठेपणाला त्याची गरजही नाही. पण फोड शिकवण्याआधी भाविताचे एक उदाहरण द्यावे, खळ्यावर आखून द्यावे. त्याला एक तास लागतो. मग वानरांचे गणित द्यावे आणि ७६८ चे अवयव हुडकायला लावावेत. मुले थकली की ३२ चा वर्ग मिळवून दाखवावा. कोणती रीत कुठे कामाची, हे त्यांचे त्यांनाच कळते.