गिरणगावातील कामगार दांपत्याचा कुलेतिहास : साधने आणि त्यांचे वाचन

मराठी इतिहाससंशोधनाचा पाया घराण्यांच्या दफ्तरांवर रचला गेला. वतनाचे तंटे, सनदा, महजर, करीने यांच्या आधारे घराण्यांचा, आणि घराण्यांवरून प्रदेशाचा इतिहास उभा राहिला. विसाव्या शतकात सिद्ध झालेल्या कुलवृत्तान्तांची परंपराही हीच होय. ज्या कुळापाशी राखावयास वतन वा प्रतिष्ठा होती, त्याने कागद राखले. मुंबईच्या गिरणीत आयुष्य वेचलेल्या पतिपत्नींपाशी असे दफ्तर नसते. यावरून त्यांचा कुलेतिहास लिहिता येणार नाही, असे मात्र ठरत नाही. त्यांनी स्वतः कागद लिहिले नाहीत. परंतु गिरणीने, घरमालकाने, शिधावाटप कार्यालयाने आणि तलाठ्याने त्यांच्याविषयी लिहिले. प्रत्येकाने आपापल्या कामापुरते लिहिले, एवढे ध्यानात ठेवून हे कागद वाचावे लागतात.

प्रथम पार्श्वभूमी पाहणे इष्ट होय. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापिलेल्या कंपनीची गिरणी १८५६ मध्ये ताडदेव येथे सुरू झाली. पुढील काळात कोकण व देश या दोन्ही भागांतून मजूर मुंबईस येत राहिले. १९२१ च्या जनगणनेच्या वेळी मुंबईच्या लोकसंख्येचा सुमारे पाचवा हिस्सा एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता. त्या काळी शहरात दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या साधारण सव्वापाचशे होती. याचा अर्थ असा की, बहुसंख्य कामगारांचा संसार दोन ठिकाणी विभागलेला होता. पती चाळीत, पत्नी गावी. काही वर्षे दोघे एकत्र, बाळंतपणास व शेतीच्या हंगामास पुन्हा गाव. तेव्हा केवळ शहरातील कागदांवरून अशा कुटुंबाचा माग लागणे शक्य नाही.

इंग्लंडमधील कामगार कुटुंबाचा शोध घेणाऱ्यास जनगणनेची घरवार पत्रके उपलब्ध असतात. १९२१ ची पत्रके तेथे २०२२ मध्ये खुली झाली. भारतात १९४८ च्या जनगणना कायद्यान्वये अशी पत्रके कोणासही पाहता येत नाहीत. तेथे एका पत्रकात मिळणारी माहिती येथे अनेक कागदांतून जुळवावी लागते.

१९३० च्या सुमारास परळच्या एका खोलीत संसार मांडलेल्या दांपत्याचा विचार करू. पतीच्या बाजूने पहिला धागा गिरणीचे तिकीट व हजेरीपट हा होय. तेथे आडनाव असेलच असे नाही. पुष्कळदा स्वतःचे व वडिलांचे नाव एवढेच आढळते. एकाच नावाचे अनेक असल्याने तिकिटाचा क्रमांक व खाते हीच खरी ओळख ठरते. भाडेपावतीवरून वास्तव्याचा काळ निश्चित होतो. १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाल्यानंतर शिधापत्रिका आली, आणि घरातील माणसे एका कागदावर एकत्र आली. मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून दिसल्यास ती जपून वापरावी. नाव घालताना गुरुजींनी सोयीने लिहिलेली ही तारीख असण्याचा संभव मोठा.

दुसरा धागा गावाचा. खोती पद्धती १९४९ च्या कायद्याने रद्द होईपर्यंत रत्नागिरीतील अनेक कुटुंबे जमिनीची धनी नव्हती, ती खोताची कुळे होती. येथे ‘कूळ’ हा शब्द वंशवाचक नसून जमीन कसणारा या अर्थी आहे. तथापि त्या अर्थाच्या नोंदींतूनच वंशाचाही माग निघतो. फेरफाराच्या नोंदवहीत मृत खातेदार व त्याचे वारस यांची नावे येतात. गावकऱ्यांनी मुंबईत सामायिक राखलेल्या खोलीचे वर्गणीचे हिशेब मिळाल्यास कोण केव्हा शहरात आला हे कळते. कामगार देशावरचा असल्यास तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि कोल्हापूर बाजूस हेळव्यांनी जपलेल्या वंशावळ्या उपयोगी पडतात. मात्र ही साधने मुख्यतः पुरुषांची परंपरा सांगतात.

येथेच खरी अडचण उत्पन्न होते. दांपत्याचा इतिहास म्हणजे दोन घराण्यांचा इतिहास. पण पत्नीचे नाव लग्नात बदलते, आणि तिचे माहेर कागदावरून नाहीसे होते. तिचे कामही असेच अदृश्य राहते. १९२० नंतरच्या दशकात गिरण्यांतील कामगारांत स्त्रिया सुमारे एकपंचमांश होत्या, त्यांतील पुष्कळशा वाइंडिंग व रीलिंग खात्यांत. १९२९ च्या मुंबई प्रसूतिलाभ कायद्याखाली पैसे देण्यापूर्वी स्त्रीच्या नोकरीचा काळ पाहावा लागे. म्हणून अशी नोंद आढळल्यास तिचे काम व तिचे मातृत्व ही दोन्ही एकाच जागी सिद्ध होतात. उलटपक्षी, घरात खानावळ चालवून एकट्या कामगारांना जेवू घालणाऱ्या स्त्रीची नोंद कोणत्याच हजेरीपटात नाही. तिच्याविषयी वृद्धांच्या तोंडी आठवणी हेच साधन उरते.

माहेरचा शोध मात्र एका अनपेक्षित कागदाने लागतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वडिलांच्या मृत्यूनंतरच्या वारसनोंदीत मुलींची नावे येऊ लागली, आणि पाठोपाठ भावांच्या लाभात केलेली हक्कसोडपत्रेही. त्यात मुलीचे सासरचे नाव, वडिलांचे नाव आणि माहेरचे गाव अशी तिन्ही एकत्र सापडतात. ज्या कागदाने तिने आपला वाटा सोडला, त्याच कागदाने तिचे मूळ राखले. इतिहासकाराने या योगायोगावर केवळ समाधान मानू नये. तो कागद का लिहिला गेला हाही त्या कुटुंबाच्या इतिहासाचा भाग आहे.

हे सारे केवळ जिज्ञासेपुरते महत्त्वाचे नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. पुढे त्या जमिनींवर कामगारांसाठी घरे बांधण्याचे ठरले, तेव्हा १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर गिरणीच्या पटावर असल्याचा पुरावा मागण्यात आला. तिकीट, हजेरीपट, भविष्यनिर्वाह निधीची नोंद यांवर वारसांचा हक्क अवलंबून राहिला. वतनदाराचा करीना जसा पूर्वी त्याच्या हक्काचा आधार होता, तसेच पत्र्याच्या पेटीत राहिलेले हे कागद कामगाराच्या वारसांच्या हक्काचा आधार ठरले. ज्या घरांनी ते जपले नाहीत, त्यांच्या बाबतीत इतिहासाचा लोप आणि हक्काचा लोप या दोन वेगळ्या गोष्टी राहिल्या नाहीत. म्हणून बंद गिरण्यांचे हजेरीपट व चाळींचे भाड्याचे हिशेब यांचे जतन करणे हे घराण्यांची दफ्तरे जपण्याइतकेच इतिहाससंशोधनाचे कर्तव्य ठरते.