‘परमिट रूम’ : एका शब्दाची कायदेशीर पूर्वपीठिका

सोलापूरच्या भवानी पेठेतील वाटसरूसही ‘परमिट रूम’ हा शब्द परिचित आहे. परंतु हे परमिट कोणाचे, असे विचारल्यास पुष्कळजण हॉटेलमालकाकडे बोट दाखवतील. कायद्याचा इतिहास निराळे सांगतो.

इ. स. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा इलाख्यातील सोलापूर जिल्ह्यासही लागू होता. ‘अबकारी’ हा शब्द फारसीतून आला. त्यातील ‘आब’ म्हणजे पाणी. या कायद्याचा मुख्य रोख मद्य गाळणारा व विकणारा यांच्यावर होता, आणि सरकारी महसूल हे त्याचे एक प्रधान अंग होते.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने ही मांडणीच पालटली. मद्याची विक्री, ते जवळ बाळगणे व त्याचे प्राशन या सर्वांस मनाई हा नियम झाला. परवानगी हा अपवाद ठरला. १९५३ च्या विदेशी मद्य नियमांनुसार हॉटेलास ‘एफ. एल. ३’ अनुज्ञप्ती दिली जाते. तथापि ग्राहकापाशीही प्राशनाचा परवाना असणे कायद्यास अभिप्रेत आहे. म्हणजे ‘परमिट’ ग्राहकाचे, आणि ‘रूम’ अशा परवानाधारकांनी बसावयाची.

२०१२ मध्ये कायद्याच्या नावातील ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आले. ‘दारूबंदी’ मात्र कायम राहिली. ग्राहकाच्या परवान्याचा विसर पडला, तर निषेधाचा कायदा व्यवहारात पुन्हा केवळ अबकारीचा होऊन बसतो. पाटीवरील शब्द त्या विसराविरुद्धची साक्ष आहे.