नावातला कात

कोकणात युरोपियन माणूस समुद्रावरून आला, असे आपण वाचत आलो. १५०८ साली पोर्तुगीज आरमाराने दाभोळ लुटून जाळले. पण त्याच खाडीच्या वर, वाशिष्ठी-जगबुडीच्या रानात हिंडणाऱ्या कातकऱ्याच्या लेखी तेव्हा गोरा आलाच नव्हता. तो आला पुढे पावणेचारशे वर्षांनी, आणि तोही कागदाच्या रूपाने. १८७८ चा जंगल कायदा आणि १८८० चा खोती कायदा हे ते दोन कागद.

त्यापूर्वीचा कातकरी कसा जगत होता? त्याने स्वतः लिहून ठेवलेले काहीच नाही. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८४३ मध्ये उत्तर कोकणातल्या वारली-कातोडींवर लिहिले, नंतर गॅझेटियरकारांनी लिहिले. या लेखनात घाण, दारू, चोरी हे शब्द इतक्या सहज येतात की मला आपल्याविषयीच्या जुन्या नोंदी आठवतात. तरीही त्या ओळींच्या आडून एक जाणता माणूस दिसतो. पाऊस सरला की हा माणूस खैराच्या रानात झोपड्या घाली. हंगामाच्या आरंभी खैराची पूजा होई, नारळ फुटे, मग कुऱ्हाड चाले. साल काढायची, आतल्या लाल गाभ्याच्या ढलप्या करायच्या, मडक्यांतून उकळायच्या, रस गाळून पुन्हा आटवायचा आणि वड्या पाडून वाळवायच्या. कोणता खैर पिकला, रस कधी उतरवायचा, हे कोणत्या पोथीत नव्हते. उरलेले वर्ष कंदमुळे, मध, मासे, खेकडे आणि शिकार यांवर निघे. कडू कंदाचा कडूपणा कसा काढायचा हे बायकांना ठाऊक. शेतातली उंदरांची बिळे खणून उंदीर तर मिळतच, पण त्यांनी साठविलेले भातही मिळे. या बिळांवरून कातकऱ्याला हसणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की ते भात शेतकऱ्याच्या हिशेबातून आधीच गेलेले असे.

हे सुवर्णयुग होते असे मला म्हणायचे नाही. कात वाण्याकडे जाई, बदल्यात धान्य, मीठ, लुगडे येई. मापात मारणारा वाणी काही इंग्रजांनी आणला नाही. सोन आणि ढोर असा भेद त्यांच्यातही होता, आणि तो गोमांसावरूनच. वर्णव्यवस्थेची सावली रानात शिरायला इंग्रजांची वाट पाहत थांबली नव्हती. मात्र कोणते झाड तोडायचे आणि कोणते राखायचे, हा निर्णय बव्हंशी त्याचा होता.

तो निर्णय नव्या कागदांनी काढून घेतला. येथे रत्नागिरीची गोष्ट ठाण्यापेक्षा वेगळी आहे. ठाण्यात राखीव जंगल मोठे, म्हणून तेथला आदिवासी सरकारी शिपायाशी भांडला. रत्नागिरीत सरकारी रान फार थोडे. डोंगर बहुतेक खोताच्या ताब्यात. खोत मुळात सारा वसूल करणारा. इंग्रजी कायद्याने त्याचे हक्क पक्के केले आणि रानावरचा त्याचा हात आणखी घट्ट झाला. खैर खोताचा ठरला आणि पूजा करणारा कातकरी मजूर ठरला. मग कोळशाच्या भट्ट्या, लाकूडतोड, पुढे वीटभट्टी आणि उचल.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९४९ मध्ये खोती कायद्याने गेली. आम्ही हा लढा अभिमानाने सांगतो, आणि सांगितलाच पाहिजे. पण तो लढा कुळाचा होता. ज्याच्या नांगराखाली जमीनच नव्हती तो कूळ कसा ठरणार? डोंगर खोताकडून दुसऱ्या मालकाकडे गेला, कातकरी होता तेथेच राहिला.

आता एक गोष्ट सांगतो, जी आमच्या वाडीत कोणाला आवडणार नाही. खेड तालुक्यातल्या आमच्या घराच्या पडवीत एक कातकरीण मध घेऊन येई. माझी आजी तिला ओंजळीत वरून पाणी ओती. ती तांब्याला हात लावू शकत नसे. माझ्या आजीलाही खोताच्या दारात असेच पाणी मिळाले होते. ते सांगताना तिचा आवाज कापे. या दोन ओंजळी एकच आहेत हे तिच्या मनात कधी आले नाही. माझ्याही मनात कॉलेजात जाईपर्यंत आले नाही. घरात तोवर बुद्धाची तसबीर लागलेली होती.

सत्तरच्या दशकात सरकारने कातकऱ्यांची नोंद आदिम जमात म्हणून केली. १९७६ मध्ये वेठबिगारी बंद करणारा कायदा झाला, २००६ मध्ये वनहक्काचा. वनहक्क वनजमिनीवर मिळतो. रत्नागिरीत वनजमीन किती, हे वर आलेच आहे. चिपळूण तालुक्यात सावर्ड्याच्या बाजूला आजही काताचे कारखाने आहेत. खैर खाजगी मालकीच्या रानातून येतो. मागे एका कातकरवाडीत मी एका म्हाताऱ्याला विचारले, कात कसा करतात? त्याने मान हलवली. त्याच्या आज्याला येत होते म्हणाला. त्याने स्वतः फक्त लाकूड तोडून गाडीत भरले होते, टनाच्या भावाने.