भिंतीला टेकवलेली पडवी : कतारगामच्या घरासाठी हरितगृह

कतारगामची पापडी सुरतमध्ये प्रसिद्ध आहे. उंधियूसाठी गिऱ्हाईक ती नाव घेऊन मागते. मात्र ज्या वाड्यांत ती पिकत असे, त्यांतल्या पुष्कळशा जमिनीवर आता हिऱ्यांचे कारखाने, रो-हाउस आणि आपल्यापैकी अनेकांची घरे उभी आहेत. उरली आहे ती मागच्या भिंतीलगतची पाच-सहा फुटांची पट्टी, नाहीतर गच्चीचा एखादा कोपरा. एवढ्या जागेत, असलेल्या भिंतीचाच आधार घेऊन हरितगृह कसे उभारता येईल, याची माहिती सभासदांच्या उपयोगासाठी येथे एकत्र देत आहोत.

भिंतीला टेकलेले एकपाखी छप्पर आपल्याला नवे नाही. कोकणात त्याला पडवी म्हणतात. आपल्यापैकी जे जळगाव, धुळे, नंदुरबारकडून इकडे आले, त्यांच्या गावी धाब्याची सपाट छपराची घरे असत, त्यामुळे उताराच्या छपराशी त्यांचा संबंध थोडा कमी. तरी गोठ्याला किंवा चुलीपुढे टेकवलेला आडोसा प्रत्येकाने पाहिलेला असतो. हरितगृह म्हणजे तीच पडवी, फक्त छपरातून उजेड आत येणारी.

थंड प्रदेशाचा नमुना इथे चालत नाही

इंटरनेटवर अशा हरितगृहांचे जे आराखडे मिळतात ते बहुतेक थंड देशांतले असतात. आपल्याकडचे त्याचे सर्वांत चांगले उदाहरण लडाखमध्ये दिसते. तिथे घराच्या दक्षिण भिंतीला लागून पारदर्शक प्लास्टिकचे बंदिस्त हरितगृह बांधतात. दिवसा मातीची जाड भिंत ऊन पिऊन घेते, रात्री ती ऊब परत देते. बाहेर पाणी गोठलेले असताना आत पालेभाजी मिळते आणि मागची खोलीही उबदार राहते.

सुरतमध्ये हेच केले तर एप्रिल-मेमध्ये रोपे दुपारपर्यंत कोमेजतील. बंद प्लास्टिकखाली बाहेरच्यापेक्षा आठ-दहा अंश जास्त तापमान सहज होते, आणि बाहेरच ३८-३९ असेल तर आत काय होईल हे सांगायला नको. शिवाय ती भिंत आपल्या स्वयंपाकघराची किंवा झोपायच्या खोलीची असेल तर तापलेली भिंत रात्रभर घरातल्यांना छळेल. आपल्या पडवीची कामे दोनच : ऊन गाळणे आणि पावसाचे पाणी रोपांपासून व भिंतीपासून दूर नेणे. काचेच्या बंद पेटीचा हट्ट आम्ही तरी धरणार नाही.

भिंत कोणती निवडावी

सुरत साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्याला दुपारचा सूर्य इथे थेट डोक्यावर येतो. डिसेंबरच्या शेवटी दुपारचा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून जेमतेम ४५ अंश वर असतो. याचा अर्थ उन्हाळ्यात छपरावर आग असते, पण दक्षिणेच्या भिंतीवर दुपारी ऊन नसते. हिवाळ्यात तेच ऊन तिरपे होऊन थेट भिंतीच्या पायापर्यंत येते.

सर्वांत सोयीची पूर्वेची भिंत. सकाळचे ऊन मिळते आणि दुपारनंतर घराचीच सावली पडते. टोमॅटो, मिरचीसारखी हिवाळी पिके मुख्यत्वे घ्यायची असतील तर दक्षिण चांगली. उत्तरेची भिंत अळू, पानवेल, नेचे अशा सावली सोसणाऱ्यांसाठी ठीक. पश्चिमेची भिंत शक्यतो टाळावी : दुपारनंतरचे कडक ऊनही तिच्यावर आणि नैर्ऋत्येकडून येणारा पावसाचा झोडपाही तिच्यावर.

भिंत आपलीच आहे ना, हेही आधी पाहावे. रो-हाउसमध्ये बाजूची भिंत बहुधा सामाईक असते. तिच्यात भोक पाडायचे तर शेजाऱ्याची संमती लेखी घ्यावी, कारण ओल पलीकडे उतरली की वर्षानुवर्षांचा शेजार एका पावसाळ्यात बिघडतो. सोसायटीचे पत्र घ्यावे, आणि मार्जिनच्या जागेत किंवा गच्चीवर कायमचे छप्पर करायचे असेल तर महापालिकेच्या झोन कार्यालयात आधी विचारावे. कतारगाम उत्तर झोनमध्ये येते.

सांगाडा

उदाहरण म्हणून जमिनीवरची, भिंतीलगत १० फूट लांब आणि ६ फूट रुंद पडवी घेऊ. भिंतीकडची उंची साडेआठ फूट, पुढची सात फूट. म्हणजे दर फुटाला तीन इंच उतार, एवढ्या उतारावर पाणी थांबत नाही. ४० बाय ४० मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा चौकोनी लोखंडी पाइप पुरतो. भिंतीवर एक आडवा पाइप, पुढे तीन खांब व त्यांवर दुसरा आडवा पाइप, या दोन्हींवर चार वासे आणि वाशांवर दोन आडव्या पट्ट्या. सगळे मिळून २८ ते ३० मीटर पाइप, म्हणजे ६५ ते ७० किलोच्या आसपास लोखंड. फॅब्रिकेशनवाले भाव किलोवर सांगतात, म्हणून हा आकडा हाताशी असू द्यावा. वेल्डिंगचे जोड घासून रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर ऑइल पेंट. पाइपची वरची उघडी तोंडे बंद करून घ्यावीत, नाहीतर आत पाणी शिरून पाइप आतून गंजतो आणि बाहेरून कळतही नाही.

छप्पर खाली कोसळेल अशी भीती सगळ्यांना असते. खरा धोका ते वर उडण्याचा आहे. भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात सुरतसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. त्या वेगाने दर चौरस मीटरला सुमारे ११८ किलो वजनाएवढा दाब येतो. आपले छप्पर साधारण साडेपाच चौरस मीटरचे, म्हणजे साडेसहा क्विंटल. असा वारा रोज वाहत नाही, पण एकदाच वाहिला तरी उडालेला पत्रा कोणाच्या अंगणात, कोणाच्या अंगावर पडेल याचा भरवसा नाही. म्हणून खांबांसाठी एक फूट बाय एक फूट, दोन फूट खोल खड्डे काँक्रीटने भरावेत. असा एक ठोकळा सुमारे १३५ किलोचा होतो, तिन्ही मिळून चारशे. उरलेला निम्मा भार भिंत घेते.

तो ती घेऊ शकेल का, हे भिंतीच्या जातीवर आहे. नऊ इंची विटांच्या भिंतीत १० मिलिमीटरचे अँकर बोल्ट दर दोन फुटांवर बसवावेत, विटेच्या मधोमध, सांध्यात नव्हे. प्लास्टरची जाडी धरून बोल्टची लांबी घ्यावी, कारण प्लास्टर काहीच धरत नाही. काँक्रीटची तुळई हाताशी असेल तर उत्तम. भिंत साडेचार इंची किंवा पोकळ ब्लॉकची असेल तर तिच्यावर भार टाकूच नये. तिच्यापासून इंचभर सोडून मागेही तीन खांब उभे करावेत, म्हणजे सांगाडा स्वतःच्या पायावर राहतो आणि भिंत नुसती शेजारी.

भिंत आणि छपराचा सांधा

पडवी चांगली की वाईट हे या एका सांध्यावर ठरते. पावसाचे पाणी भिंतीवरून ओघळत खाली येते आणि जिथे छप्पर भिंतीला भिडते तिथेच आत शिरते. पहिल्या वर्षी डाग, दुसऱ्या वर्षी रंगाचे पोपडे, तिसऱ्या वर्षी आतल्या खोलीच्या भिंतीला लोणा. कारागीर बहुतेक वेळा या फटीत सिलिकॉनची रेघ ओढून मोकळे होतात. उन्हाने छप्पर पसरते, रात्री आकसते, भिंत मात्र जागची हलत नाही. त्या ओढाताणीत ती रेघ एक-दोन वर्षांत सुटते.

टिकाऊ पद्धत जुनीच आहे. छपराच्या सहा इंच वर भिंतीच्या प्लास्टरमध्ये आडवी, इंचभर खोल खाच कापावी. गॅल्वनाइज्ड पत्र्याची वाकवलेली पट्टी घेऊन तिची वरची कड त्या खाचेत घालावी आणि खाच वॉटरप्रूफिंग मिसळलेल्या सिमेंटने बुजवावी. पट्टीची खालची बाजू छपरावर किमान सहा इंच यावी, पण छपराला स्क्रूने जखडू नये. तिला छपरावर नुसते टेकू द्यावे, म्हणजे छप्पर खालून मोकळेपणी सरकते. भिंतीवर खिडकीचा छज्जा असेल तर पडवी त्याच्या खाली आणावी. तेवढ्या भागात छज्जाच पट्टीचे काम करतो.

जमिनीलगतचीही काळजी हवी. कुंड्या भिंतीपासून अर्धा फूट दूर ठेवाव्यात आणि भिंतीला टेकून मातीचा वाफा कधीही करू नये. जोत्याच्या वर माती चढली की ओल आणि वाळवी दोघींना वाट मिळते.

छपरावर काय घालावे

आमच्या मते ६ मिलिमीटरचा पोकळ पॉलीकार्बोनेट पत्रा आणि त्यावर काढता-घालता येणारी शेडनेट हा मेळ सुरतला सर्वांत मानवतो. पत्र्याच्या एकाच बाजूला उन्हापासून बचाव करणारा थर असतो. ती बाजू वर ठेवली नाही तर पत्रा लवकर पिवळा पडून तडकतो, तेव्हा फिल्मवरचा छाप वाचूनच बसवावा. पोकळ नळ्या उताराच्या दिशेने याव्यात. स्क्रूचे भोक स्क्रूपेक्षा तीन मिलिमीटर मोठे ठेवून रबरी वॉशर लावावा, कारण दोन मीटरचा पत्रा हिवाळ्यातल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत चार-पाच मिलिमीटर वाढतो.

शेडनेट भाजी व रोपांसाठी ५० टक्के, पानवेल आणि नेच्यांसाठी ७५ टक्के. होळीनंतर घालावी, पावसाळा लागला की काढून गुंडाळून ठेवावी. ढगाळ दिवसांत उजेड आधीच कमी असतो.

गरम हवा वर, भिंतीच्या कोपऱ्यात साठते. म्हणून दोन्ही टोकांचे त्रिकोण बंद करू नयेत, तिथे फक्त कीडरोधक जाळी ताणावी. पुढची बाजूही कमरेच्या वर जाळीचीच असावी.

एक इंच पाऊस पडला की या छपरावरून सुमारे १४० लिटर पाणी उतरते. सुरतला वर्षाला साधारण १,२०० मिलिमीटर पाऊस धरला तर साडेसहा हजार लिटर. पुढच्या कडेला पन्हळ लावून, दहा फुटांत दीड इंच उतार देऊन ते पिंपात घ्यावे. पिंपाच्या तोंडाला जाळी घट्ट बांधावी. डासांच्या अळ्या सापडल्या तर महापालिकेचे लोक नोटीस देतात, आणि बरोबरच करतात.

गच्चीवर बांधायचे असेल तर

२४ मे २०१९ रोजी सरथाण्याच्या तक्षशिला आर्केडला लागलेल्या आगीत २२ विद्यार्थ्यांचे प्राण गेले. त्या इमारतीत गच्चीवर उभारलेल्या शेडखाली क्लास भरत होता. त्यानंतर सुरतमध्ये गच्चीवरच्या कोणत्याही आच्छादनाकडे पालिका आणि शेजारी दोघेही वेगळ्या नजरेने पाहतात, आणि तसेच पाहायला हवे. जिन्याचे दार, जिन्याच्या खोलीची भिंत आणि तिथून बाहेर पडण्याची वाट पडवीने अडता कामा नये. एसीचे बाहेरचे युनिट, मीटरची पेटी, गॅस गीझरचे धुराडे यांच्याजवळ नेट किंवा प्लास्टिक नको. रिकाम्या पिशव्या, थर्माकोल, जुने फ्लेक्स यांचे गोदाम तिथे करू नये. नेट प्लास्टिकचीच असते आणि ठिणगीने पेटते.

गच्चीवर वारा जोरात लागतो आणि चायना मोझेकच्या थराला भोक पाडले की खालच्या घरात गळती. म्हणून तिथे पत्रा न घालता फक्त नेटची हलकी पडवी करावी, खांब काँक्रीटच्या जड ठोकळ्यांत उभे करावेत. ओली माती भरलेली बारा इंची कुंडी पंधरा-वीस किलोची होते. अशा तीस-चाळीस कुंड्या स्लॅबच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत, तुळईवर येतील अशा मांडाव्यात. इमारत जुनी असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावी.

तळमजल्यावर राहणाऱ्यांनी ऑगस्ट २००६ चा पूर आठवावा. पडवीतला विजेचा पॉइंट, पंप, खते आणि औषधे जमिनीलगत ठेवू नयेत.

काय पिकवावे, केव्हा बांधावे

या पडवीचा खरा फायदा जुलै-ऑगस्टमध्ये कळतो. बाहेर कोथिंबीर, मेथी पावसाने झोडपून कुजते आणि बाजारात जुडीचा भाव चढतो, तेव्हा छपराखाली ती नीट वाढते. त्याच सुमारास वांगी, मिरची, टोमॅटोची रोपे तयार करून सप्टेंबरनंतर बाहेर लावता येतात. पापडीचा वेल मात्र आत घेऊ नये. त्याला पूर्ण ऊन हवे, आणि आत चढला की तो सगळा उजेड खातो. तो बाहेरच्या खांबावर सोडावा. कढीपत्ताही बाहेरच बरा. अधिक माहितीसाठी नवसारी कृषी विद्यापीठ जवळच आहे.

बांधकामाला दिवाळीनंतरचे दिवस चांगले, पण दिवाळीत हिऱ्याचे कारखाने बंद होतात तेव्हा निम्मे कतारगाम गावी गेलेले असते आणि कारागीरही मिळत नाहीत. सांगाडा आणि भिंतीची खाच डिसेंबरात उरकावी. नेट उत्तरायणानंतरच ताणावी. १४ जानेवारीला मांजा नेटमध्ये अडकतो आणि कापलेल्या पतंगामागे मुले पत्र्यावर चढतात. पॉलीकार्बोनेट माणसाचे वजन पेलत नाही, हे घरातल्या मुलांना स्पष्ट सांगून ठेवावे.

जूनच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर आतल्या खोलीत जाऊन भिंतीवर, छपराच्या रेषेच्या बरोबर मागे हात फिरवून पाहावा. भिंत गार आणि दमट लागली तर खाच त्याच आठवड्यात पुन्हा भरून घ्यावी. बोल्ट आणि स्क्रू दरवर्षी मेमध्ये एकदा आवळावेत.