रक्त धुणारं यंत्र आणि आमच्या बैठकीतला प्रश्न



गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंच्या सासूबाई अतिदक्षता विभागात होत्या. लघवीचा जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. सलाइन चढवूनही रक्तदाब वर येईना, तो टिकवायला सतत औषध लागत होतं. यालाच डॉक्टर सेप्टिक शॉक म्हणतात. रक्त शुद्ध करायचं यंत्र लावू या, असं तिथे सांगितलं. ताई कर्ज मागायला आल्या. पैसे आम्ही त्याच दिवशी दिले, पण बैठकीत एकीनं विचारलं, "रक्त धुतलं की माणूस वाचतो का गं?" उत्तर कुणाकडेच नव्हतं. म्हणून आम्ही या यंत्राचा इतिहास शोधला.

सुरुवात नेदरलँड्समधल्या कांपेन या छोट्या गावात झाली. साल १९४३, देश जर्मनांच्या ताब्यात, सामान मिळत नव्हतं. डॉ. विलेम कोल्फ यांनी सॉसेज भरायची सेलोफेनची नळी घेतली, लाकडी पट्ट्यांच्या पिंपावर गुंडाळली आणि ते पिंप क्षारांच्या पाण्याच्या टबात फिरवलं. नळीतून रक्त वाहायचं, त्यातली घाण पाण्यात उतरायची. पहिले रुग्ण एकामागून एक दगावले तरी कोल्फ थांबले नाहीत. १९४५ साली ६७ वर्षांची एक बाई वाचली. तिच्या पित्ताशयाला सूज येऊन मूत्रपिंडं बंद पडली होती. शुद्धीवर येताच तिनं नवऱ्यापासून काडीमोड घेणार असं जाहीर केलं म्हणतात!

पण मैत्रिणींनो, हे यंत्र मूत्रपिंडाचं काम करत होतं. जंतूंचं विषही असंच काढता येईल, हा विचार नंतर आला. १९७७ मध्ये जर्मनीत पेटर क्रामर यांनी रक्त सावकाश, सतत गाळण्याची पद्धत आणली. रक्तदाब पडलेल्या रुग्णाला ती सोसते. जपाननं १९९४ पासून वेगळी नळकांडी वापरली. तिच्या धाग्यांना पॉलिमिक्सिन हे औषध चिकटवलेलं असतं आणि काही जंतूंच्या कवचातलं विष ते धरून ठेवतं. २००९ मध्ये इटलीतल्या ६४ रुग्णांच्या अभ्यासात त्याचा फायदा दिसला. सगळ्यांना आनंद झाला. मग अमेरिका आणि कॅनडात ४५० रुग्णांवर मोठा अभ्यास झाला. २०१८ मध्ये निकाल आला: नळकांडी लावलेले आणि न लावलेले, दोन्हीकडे २८ दिवसांतल्या मृत्यूंमध्ये खरा फरक नव्हता.

असं का, तर विष ही अर्धीच गोष्ट. त्याच्याशी लढताना शरीर स्वतःच बेफाम होतं आणि आपल्याच अवयवांना इजा करतं. शिवाय गाळणीतून उपयोगी पदार्थ, अँटिबायोटिकसुद्धा, निघून जाऊ शकतात. डोस त्या हिशेबानं द्यावा लागतो.

२०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात पॉलिमिक्सिनची नळकांडी वापरू नये असं सुचवलं आहे. सेप्टिक शॉकची शंका आली की अँटिबायोटिक मात्र तासाभरात सुरू करायला सांगितलं आहे. आणि आमच्या सासूबाई थंडी वाजून ताप येत असताना तीन दिवस घरीच होत्या, काढा घेत.

ताईंनी डॉक्टरांना सरळ विचारलं होतं, "यंत्र विषासाठी की मूत्रपिंडासाठी?" ते म्हणाले, "मूत्रपिंडासाठी. लघवी पूर्ण थांबली आहे." म्हणजे कोल्फ यांचंच काम. सासूबाई आता घरी आहेत. कर्जाचा तिसरा हप्ता मागच्या बैठकीत आला, तो त्या स्वतः घेऊन आल्या होत्या.